आमची ही आणि खवटचं कोडं

आमची ही शब्दकोडं पेनानं सोडवते, पेन्सिलीनं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्यांना कोड्यांतलं कळतं त्यांना एवढ्यावरच कळेल की बाई काय दर्जाची आहे. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी पुढचं सगळं. कळत मलाही नाही. मी जन्मभर फरश्या बसवल्या, लोकांची घरं चकाचक केली, पण कोड्यातला एक शब्द मला कधी सुटला असेल तर शपथ.

आणि साधं कोडं नव्हे हो! 'एका फुलाचं नाव, तीन अक्षरं' असला पोरखेळ नाही. आमच्या पेपरात शेवटून दुसऱ्या पानावर गूढ कोडं येतं, रोज. त्यात सरळ काही विचारतच नाहीत. एकदा मी तिच्या खांद्यावरून वाचलं, 'बाप गारठला, त्यातच महिन्याची कमाई. तीन अक्षरं.' म्हटलं, बाप गारठलाय तर त्याच्या अंगावर पांघरूण टाका, कमाई कसली विचारता! ही हसायला लागली. म्हणाली, "अहो, 'त्यातच' म्हणतोय ना तो! बा-प-गा-र-ठ-ला. मधली तीन अक्षरं बघा." पगार! मी कपाळाला हात लावला. असा शब्द माझ्या डोळ्यांदेखत बसलेला आणि मला दिसू नये?

"लबाडी आहे ही," मी म्हणालो.

"आहेच. पण सांगून केलेली लबाडी आहे. यात खोटं एकही अक्षर नसतं," ती म्हणाली.

हे कोडं रचणारा 'खवट' या नावानं लिहितो. खरं नाव कोणाला ठाऊक नाही. लग्न झालं तेव्हापासून आमच्या घरात मी, ही आणि हा खवट असे तिघं राहतो असं म्हणायला हरकत नाही. पुढे लेक झाली, मोठी झाली, लग्न होऊन गेलीसुद्धा, पण खवट आहे तिथेच आहे. सकाळी चहा ओतला की ही पेपराची चौघडी घालते, पेनाचं टोपण दातात धरते आणि म्हणते, "आज खवट खुशीत दिसतोय." नाहीतर, "आज बिचाऱ्याचं पोट बिघडलंय वाटतं." माझं पोट बिघडलेलं तिला संध्याकाळी कळतं, ते सोडा. सुरुवातीला मला राग यायचा. मग मी एक दिवस हिशोब घातला की हा गडी तिला रोज सकाळी हसवतो, आणि त्याला चहासुद्धा द्यावा लागत नाही. तेव्हापासून मी त्याला घरचाच धरला.

घरात नियम दोनच. ही कोडं उघडेपर्यंत पेपराला कोणी हात लावायचा नाही आणि कालचा पेपर रद्दीत टाकायचा नाही. कारण कालच्या कोड्याचं उत्तर आजच्या पेपरात येतं, ते तिला ताडून बघायचं असतं. चहा संपायच्या आत कोडं संपलं पाहिजे. संपतंच. मग कप विसळून, पदर खोचून कामावर.

काम म्हणजे मोठ्या दवाखान्यातली औषधांची खिडकी. डॉक्टर चिठ्ठीवर कोंबडीचे पाय उमटवतात, आणि ही ते वाचून गोळ्या मोजून देते. इतकी वर्षं त्या खिडकीत बसली, पण एक गोळी इकडची तिकडे झाली नाही. नवे डॉक्टर आपलंच अक्षर लागेना म्हणून हिच्याकडे यायचे. "काय लिहिलंय हो मी?" विचारायचे. ही सांगायची, वर त्यांना दोन शब्द सुनावायची. आपला तो बाब्या म्हणा हवं तर, पण त्या खिडकीसमोरची रांग दुसऱ्या खिडकीपेक्षा नेहमी लांब असायची, आणि लोक मुद्दाम लांब रांगेत उभे राहायचे. हे मी स्वतः बघितलंय.

तर ही बाई औषधांच्या कोठीत शिडीवरून पडली.

वरच्या फळीवरचं खोकं काढत होती, शिडी सरकली, डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. मला निरोप आला तेव्हा मी एका हॉटेलाच्या जिन्यावर फरशी लावत होतो. हातात ओला सिमेंटचा गोळा तसाच घेऊन धावलो, म्हणे. मला काही आठवत नाही.

जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, माणसं ओळखत होती. सगळे म्हणाले, नशीब! पण एक गोष्ट बिघडली होती, आणि ती हिनंच शोधून काढली. आकडे सटकायचे. चार म्हटल्यावर थेट सात. समोर ठेवलेल्या बटाट्यांवरून बोट फिरवायची आणि एखादा बटाटा तिला दिसायचाच नाही. दुसरं कोणी असतं तर गप्प बसलं असतं. हिनं स्वतः डॉक्टरांना सांगितलं, "मला मोजता येत नाही. मला खिडकीत बसवू नका."

डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. आकडे येतील, घाई करू नका. दवाखान्यानं रजा दिली आणि सांगितलं की परत यायच्या आधी मोठे डॉक्टर तपासतील. त्यांनी हो म्हटलं तर खिडकी, नाही म्हटलं तर जुन्या कागदांच्या खोलीत बसायचं. तिथे पगार तोच. लेक फोनवर म्हणाली, "आई, काय वाईट आहे? बसून काम." हिनं फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. लेकीला मी म्हटलं, "बाई गं, तुझ्या आईला तू अजून ओळखलं नाहीस."

मग कोडं. पहिले काही आठवडे तिनं पेपर उघडलाच नाही. कालचे पेपर साचत गेले, कारण नियमाप्रमाणे टाकायचे नाहीत, आणि मला विचारायचं धाडस होईना. एका सकाळी तिनं चौघडी घातली. एक शब्द भरला, तोही पेन्सिलीनं, आणि थकून झोपली. दुसऱ्या दिवशी दोन. चौकोन शोधताना बोट अडखळायचं, नंबर हुकायचे, खोडरबराचा भुगा टेबलावर पडायचा. मी भुगा गोळा करायचो आणि तोंड बंद ठेवायचो, जे माझ्या स्वभावात नाही. पण माझी बायको म्हणजे काय चीज आहे! खवटच्या मागे हात धुवून लागली. महिना गेला, दुसरा गेला, आणि एक दिवस मी चहा घेऊन आलो तर टोपण दातात. पेन! त्या दिवशी चहात साखर दुप्पट पडली.

आता मोठ्या डॉक्टरांनी तारीख दिली. दुपारी जायचं होतं. त्या दिवशी सकाळी मी खाली जाऊन दाढीचं सामान घेऊन आलो, म्हटलं बायकोबरोबर जायचं तर तोंड बरं दिसावं. वर येऊन बघतो तर ही टेबलाशी बसलेली, चहा गार, त्यावर साय आलेली. हातात पेन्सिल. चौकोन खोडून खोडून कागदाला भोक पडलेलं.

"काय झालं गं?"

"मी जात नाही दुपारी. तुम्ही फोन करून कळवा," ती म्हणाली.

"अगं पण का?"

"पुन्हा तेच झालंय."

तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. रडत असती तर मी ओरडलो असतो, ते मला जमतं. ती रडत नव्हती. मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "दाखव."

"हे बघा. आडवा सहा. 'हातांची गणती करा, थंडी पळेल. चार अक्षरं.'"

"म्हणजे?"

"हातमोजा. हात मोजा! सोप्पं आहे, बघताक्षणी सुटलं. पण लिहू कुठे? आडवा सहा मला सापडतच नाही. सहाच्या चौकोनातून शब्द नुसता खाली जातोय. आडवा बारा पाच अक्षरी आहे, मी मोजते तर तीनच चौकोन. एक नाही, सगळं असंच. शब्द येतात, पण मोजायला गेले की..." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "शब्दांचं काय घेऊन बसलात! मला गोळ्या मोजायच्यात. कोणाच्या तरी लेकराला तीनऐवजी पाच गेल्या तर?"

मी पेपर पुढे ओढला. आडवा सहा शोधला. मलाही सापडेना. बारा मोजला, तीन. पुन्हा मोजला, तीन.

"मलाही तीनच येतायत गं."

"तुम्हाला कधी काय सापडलंय!" ती म्हणाली. एवढ्या दुःखातही टोमणा चुकला नाही, तेव्हा मला जरा धीर आला.

पण एक सांगतो. शब्द मला कळत नाहीत, काळे-पांढरे चौकोन कळतात. पोटच चालवलंय त्यांच्यावर. त्या कोड्यातल्या उजव्या कोपऱ्यात तीन काळे चौकोन कोयत्यासारखे वळलेले होते, आणि ते मला ओळखीचे वाटले. कुठे पाहिले? कोणाच्या घरात लावले? मग लक्षात आलं, कोणाच्या घरात नाही, काल याच टेबलावर. कालचा पेपर तिच्या कोपराखालीच होता. मी तो ओढून काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"ही फरशी कालचीच आहे," मी म्हणालो.

"खवट एकच नक्षी पुन्हा वापरतो कधी कधी."

"नंबरसुद्धा बघ. सगळे तेच. अगं, शब्द आजचे दिलेत आणि चौकोन कालचेच छापलेत!"

"खवट असं करणार नाही," ती म्हणाली. बघा! स्वतःच्या डोक्यावर संशय घेईल, पण खवटवर नाही.

"खवट नसेल करत, छापणारा करतो! मालकानं निवडलेली फरशी एक आणि गाडीतून उतरते ती दुसरी, हे मी आयुष्यभर बघतोय. तेव्हा माझं डोकं फिरलं असं कधी मी म्हणालो का? गाडीवाल्याला शिव्या घातल्या!"

ती दोन्ही पेपरांवरून बोट फिरवत राहिली. सावकाश, ओळीनं. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिचे खांदे हलायला लागले. हसत होती की रडत होती देव जाणे, बहुतेक दोन्ही. मी उठलो, म्हटलं, "चला! मिटलं. आता चहा गरम करतो, तू तयार हो. आणि पेपरवाल्यांना मी असा फोन लावतो की..."

"थांबा," ती म्हणाली. "काही मिटलेलं नाही."

"आता काय राहिलं?"

"चूक त्यांची आहे हे कळलं. माझं डोकं ठीक आहे हे कुठे कळलं?"

राग आला, खरं सांगतो. दुसरी बाई असती तर देवाचे आभार मानून साडी बदलायला गेली असती. पण दुसरी बाई असती तर मी एवढं सांगत तरी कशाला बसलो असतो?

"चौकोन नाहीत तर नाहीत," ती म्हणाली. "शब्द आहेत, नंबर आहेत, किती अक्षरं तेही दिलंय. त्यावरून चौकोन मीच काढते. तुमचा गुण्या आणा."

गुण्या म्हणजे आमचा कोन बघायचा लोखंडी काटकोन्या. मी तो आणला, भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूवर चौकोन आखले. आखण्यात माझा हात कोणी धरणार नाही. ती म्हणाली, "पहिल्या ओळीत एक नंबर, पाच अक्षरी शब्द. म्हणजे सहावा चौकोन काळा असलाच पाहिजे. करा काळा." मी केला. "खवटची नक्षी पान उलटं धरलं तरी तशीच दिसते. वर सहावा काळा, तर खाली शेवटच्या ओळीत मागून सहावा काळा." मी तोही केला. अरे, हे तर आमच्याच धंद्यातलं! खोलीच्या मधोमध दोरी धरायची आणि दोन्हीकडे सारखी नक्षी जायची. इतकी वर्षं एकाच टेबलावर बसून आम्ही दोघं एकच काम करत होतो आणि मला पत्ता नाही.

मध्येच लेकीचा फोन आला. "बाबा, आई निघाली का?"

"आई कामात आहे," मी म्हणालो आणि ठेवून दिला.

एका जागी घोडं पेंड खायला लागलं. डावीकडे खाली दोन शब्द एकमेकांत अडकेनात. ती मोजायची, थांबायची, परत मोजायची. मला वाटलं झालं, आता हिचा धीर सुटतो. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण माझं तोंड काही लपवत नाही. मग मागून आवाज आला, "हं. एकवीस नंबर तिथून सुरू होत नाही, त्याच्या वरून होतो. अहो, तो काळा चौकोन पांढरा करा."

"काळ्याचा पांढरा कसा करू? शाईनं भरलाय!"

"मग नवीन आखा."

आखलं. सगळं पहिल्यापासून, दुसऱ्या पानावर. तिनं पेन घेतलं आणि एक नंबरपासून शेवटपर्यंत सलग भरत गेली. हातमोजा गेला आपल्या जागी, पाच अक्षरी बारा गेला पाच चौकोनांत. एकही अक्षर खोडलं नाही. शेवटचं अक्षर भरून तिनं टोपण लावलं आणि मला म्हणाली, "दाढी केली नाहीत अजून? असेच येणार का माझ्याबरोबर?"

दवाखान्यात मी बाहेर बाकावर बसलो. कॅलेंडरचं ते पान घडी करून माझ्या खिशात होतं. म्हटलं, डॉक्टर आढेवेढे घ्यायला लागले तर आत घुसून टेबलावर आपटतो. वेळच आली नाही. ही बाहेर आली, नेहमीसारखी, पर्स काखेत.

"काय विचारलं?"

"शंभरातून सात सात वजा करत जा म्हणाले. केले. गोळ्या मोजायला दिल्या, मोजल्या. आणखी बरंच काही."

"आणि सकाळचं? कोड्याचं सांगितलंस की नाही?"

"त्यांनी विचारलं नाही."

"अगं सांगायचं तरी!" मी एवढ्यानं ओरडलो की बाकावरचं एक बाळ रडायला लागलं. "चौकोन नसताना कोडं सोडवणारी बाई त्यांनी जन्मात पाहिली असती का?"

"ते माझ्यासाठी होतं," ती म्हणाली. "सोमवारपासून खिडकी. चला."

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची दिलगिरी आणि खरे चौकोन आले. ही चहा ओतत होती, तिनं वळूनही पाहिलं नाही, तिला आजचं कोडं हवं होतं. ताडून पाहिलं ते मी. काळ्याला काळा, पांढऱ्याला पांढरा, एकही चौकोन इकडचा तिकडे नाही. उलट त्यांच्या रेघा एका बाजूला जरा झुकल्या होत्या. आमच्या सरळ होत्या. ते पान मी चौकट करून लावणार होतो, पण ही म्हणाली, "भिंतीवर माझं अक्षर टांगाल तर मी माहेरी जाईन." या वयात कुठलं माहेर! पण लावलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र काढून दाखवतो.

सोमवारी मी पण दवाखान्यात गेलो. फरशीवाल्याचे गुडघे शेवटी बोलतातच, माझे तर आता ओरडतात, त्यामुळे चिठ्ठी खरीखुरी होती. रांग लांब होती. दुसरी खिडकी रिकामी, पण मी कशाला तिकडे जातो! माझ्या पुढे एक आजीबाई होत्या. त्यांना हिनं सुट्या गोळ्या मोजून पाकिटात घालून दिल्या आणि नेहमीसारखं म्हणाली, "मोजून घ्या." आजीबाईंनी तिथेच कठड्यावर पाकीट रिकामं केलं आणि एकेक गोळी बोटानं सरकवत मोजायला लागल्या. मागचे लोक चुळबुळायला लागले. ही काचेपलीकडे ताठ बसून होती, पण तिचे ओठ आजीबाईंच्या बोटाबरोबर हलत होते, ते मला दिसलं. "बरोबर आहेत गं बाई," आजीबाई म्हणाल्या आणि गेल्या.

माझा नंबर आला. तिनं मला ओळख दाखवली नाही, कामावर दाखवत नाही कधी. चिठ्ठी वाचली, गोळ्या मोजल्या, पाकीट पुढे सरकवलं.

"मोजून घ्या," म्हणाली.

मी पाकीट उचललं आणि तिच्यासमोर, सगळ्या रांगेदेखत, न उघडता खिशात टाकलं.